मैदान आमचे, पडदा कोणाचा?

गेल्या हिवाळ्यातील एका शनिवारची गोष्ट. आमच्या शिंगणापुरात शनिवार म्हणजे गर्दीचा वार. पहाटेपासून गाड्यांची रांग, तेलाच्या बाटल्या, रुईच्या माळा, काळे कापड. पण त्या दिवशी आमच्या गल्लीचे लक्ष चौथऱ्याकडे नव्हते. आमच्या शेजारची एक मुलगी विद्यापीठाच्या आंतरविभागीय खो-खो स्पर्धेत जिल्ह्याच्या संघाकडून अंतिम सामना खेळणार होती. हा सामना स्थानिक केबलवर थेट दाखवला जाईल, अशी पट्टी दोन दिवस पडद्याखालून फिरत होती. पूजासाहित्याच्या एका दुकानदाराने आपला दूरचित्रवाणी संच रस्त्याकडे तोंड करून ठेवला. तीस-चाळीस माणसे जमली. मुलीची आजी सर्वांत पुढे पाटावर बसली होती. तिने आयुष्यात पाहिलेला हा पहिलाच सामना ठरणार होता.

प्रक्षेपण वेळेवर सुरू झाले, हे कबूल केले पाहिजे. पहिली अठ्ठावीस मिनिटे सत्कारांत गेली. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग प्रमुख पाहुण्यांचे भाषण. मग पाहुण्यांना ज्यांनी आणले त्यांचे भाषण. त्यानंतर नाणेफेक दिसली. पहिली पळती सुरू झाली तेव्हा कॅमेरा मान्यवरांच्या सोफ्यामागे होता, त्यामुळे खांब एकच दिसे आणि मैदानाचा उरलेला भाग एका माननीयांच्या फेट्याने व्यापलेला. तेवढ्यात साड्यांच्या सेलची जाहिरात आली. ती संपली तेव्हा आधल्या महिन्यातील एका महाप्रसादाचे चित्रण सुरू झाले आणि ते शेवटपर्यंत चालले. निकाल कळला तो मार्गदर्शकांच्या दूरध्वनीवरून: आपण एका गुणाने हरलो, पण तुमच्या मुलीने पावणेचार मिनिटे संरक्षण केले. खो-खोत पावणेचार मिनिटे म्हणजे काय, हे ज्याने पायाने मैदान तुडवले आहे त्यालाच कळेल. ती पावणेचार मिनिटे तिच्या गावातील एकाही माणसाने पाहिली नाहीत. रात्री मुलगी घरी आली तेव्हा आजीने तिला अंगणात पळून दाखवायला लावले.

हा प्रसंग क्षुल्लक आहे, असे आपल्यातील काही कार्यकर्त्यांना वाटेल. कांद्याचा भाव, पाण्याची पाळी, कंत्राटी कामगारांचे प्रश्न उभे असताना साप्ताहिकाची जागा एका खो-खोच्या सामन्याला का द्यावी? प्रस्तुत लेखकाने चार तपे अर्थशास्त्राचा अभ्यास आणि अध्यापन केले आहे, आणि त्या बळावर तो असे म्हणू इच्छितो की, सार्वजनिक मालमत्तेचे वाटप कसे होते हा जर आपल्या चिंतेचा विषय असेल, तर हा प्रसंग त्याच विषयातला आहे. ऊस, पाणी आणि जमीन यांचे वाटप आपण मोजतो. ध्वनिलहरींचे वाटप आपण कधीच मोजले नाही.

ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, हे वाक्य कोणा पक्षाच्या जाहीरनाम्यातले नव्हे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णय दिला आणि त्या खंडपीठाचे नेतृत्व न्यायमूर्ती पी. बी. सावंत या मराठी न्यायाधीशांकडे होते. गंमत अशी की, तो खटलाही खेळाच्या प्रक्षेपणावरूनच उद्भवला होता. १९९३ च्या हीरो चषक क्रिकेट स्पर्धेचे चित्रण परदेशी संस्थेकडून करून घ्यायचे की दूरदर्शनकडून, यावर बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांचे भांडण जुंपले. न्यायालयाने सरकारची मक्तेदारी अमान्य केली, परंतु त्याचबरोबर हेही बजावले की लहरी खासगी मालकांच्या मर्जीवरही सोडता येणार नाहीत. जनतेच्या हितासाठी त्यांचे नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेने केले पाहिजे. त्या निकालाचा पहिला अर्धा भाग बाजाराने तत्परतेने उचलला. दुसऱ्या अर्ध्याची वाट आपण अजून पाहतो आहोत.

प्रसारभारतीचा कायदा १९९० सालचा. अंमलात आला १९९७ साली. त्याच्या कलम १२ मध्ये या संस्थेची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत खेळ व क्रीडास्पर्धा यांना पुरेसे स्थान देणे, जेणेकरून निकोप स्पर्धा आणि खिलाडूवृत्ती वाढेल, हे कर्तव्य स्पष्ट शब्दांत नोंदले आहे. 'पुरेसे' या शब्दाचा अर्थ काय लावायचा? आमच्या जिल्ह्यात अनेक महाविद्यालये आहेत, त्यांत हजारो मुले-मुली कबड्डी, खो-खो, कुस्ती, फुटबॉल खेळतात. त्यांचे किती सामने वर्षाकाठी कोणत्या वाहिनीवर दिसतात, हा प्रश्न वाचकांनी स्वतःलाच विचारून पाहावा. मी गेली काही वर्षे विचारतो आहे आणि हाताची बोटे पुरून उरतात.

२००७ साली संसदेने आणखी एक कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे हक्क ज्या खासगी वाहिनीकडे असतील तिने थेट चित्रसंकेत प्रसारभारतीला दिलाच पाहिजे, असा त्याचा आशय. जाहिरातीच्या उत्पन्नाची वाटणी दूरचित्रवाणीपुरती ७५ आणि २५ अशी ठरली. कायदा चांगला आहे. ज्याच्या घरी पैसे भरून वाहिनी घेण्याची ऐपत नाही त्यालाही विश्वचषक दिसावा, ही भावना समाजवादीच म्हणावी लागेल. परंतु या कायद्याचा ओघ एकाच दिशेने वाहतो. श्रीमंताच्या स्पर्धेतून गरीब प्रेक्षकाला वाटा मिळतो, मात्र गरिबाच्या स्पर्धेकडे सार्वजनिक कॅमेऱ्याने जावे असे बंधन कोणावरच नाही. म्हणजे शिंगणापूरच्या माणसाला मुंबईचा सामना पाहण्याचा हक्क आहे आणि शिंगणापूरची मुलगी कोणाला दिसावी असा हक्क तिला नाही. प्रेक्षक म्हणून आपल्याला नागरिकत्व मिळाले. खेळाडू म्हणून ते अजून मिळायचे आहे.

आता बाजाराकडे वळू. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ४१० सामने धरले तर दर सामन्याला सुमारे ११८ कोटी. त्या लिलावात भारतातील दूरचित्रवाणीचे हक्क एका समूहाने घेतले, आंतरजालावरचे दुसऱ्याने. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोन्ही समूह एकत्र झाले. स्पर्धेतून ग्राहकाचे कल्याण होते, असे आम्ही वर्गात शिकवीत आलो. दोन स्पर्धक एकमेकांत विलीन होतात तेव्हा ग्राहकाचे काय होते, हे त्याच पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या प्रकरणात असते. तिथवर बहुधा अभ्यासक्रम पोहोचत नाही.

कबड्डीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. शतकभर मातीत खेळला गेलेला हा खेळ २०१४ साली प्रो कबड्डीच्या रूपाने अचानक पडद्यावर आला. दिव्यांचा झगमगाट, मॅटचे मैदान, आणि पाहता पाहता खेड्यापाड्यांतील पोरे चढाईपटूंची नावे घेऊ लागली. मला त्याचा आनंदच झाला, ही गोष्ट लपवीत नाही. परंतु पुढच्याच वर्षी ती लीग चालवणाऱ्या कंपनीचा मोठा हिस्सा ती दाखवणाऱ्या वाहिनीनेच विकत घेतला, हे किती जणांच्या लक्षात आहे? कबड्डी पडद्यावर येऊ शकली ती पडद्याच्या मालकाचीच झाल्यावर. जी कबड्डी कोणाच्या मालकीची नाही, जी महाविद्यालयाच्या मैदानावर फक्की टाकून खेळली जाते, ती आजही अंधारातच आहे.

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत या खेळाचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. वृत्तवाहिन्यांनी दोन दिवस कौतुक केले. अशी माणसे एका रात्रीत आकाशातून पडत नाहीत. ती शाळेच्या, मंडळाच्या आणि महाविद्यालयाच्या मैदानांवर दहा-बारा वर्षे धावून तयार होतात. त्या दहा-बारा वर्षांत एकही कॅमेरा त्यांच्याकडे फिरकत नाही, आणि मग कोणीतरी विचारतो, 'हे खेळाडू होते कुठे इतके दिवस?'

शिंगणापूरला कॅमेरा नवा आहे, असे मात्र कोणी समजू नये. हे गाव कॅमेऱ्यानेच मोठे केले. नव्वदच्या दशकात गुलशन कुमार यांच्या 'सूर्यपुत्र शनिदेव' या चित्रपटाने आणि कॅसेटींनी आमच्या शिळेची कीर्ती उत्तरेपर्यंत नेली. २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने येथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हाही वाहिन्या आल्या. २०१६ साली महिलांना चौथऱ्यावर प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन झाले; जानेवारीपासून ८ एप्रिलला प्रवेश मिळेपर्यंत प्रक्षेपणाच्या गाड्या येथे मुक्कामालाच असत. तो हक्काचा लढा होता आणि त्याला प्रसिद्धी मिळाली याचे समाधानच आहे. पण त्याच दिवसांत, त्याच गाड्यांपासून हाकेच्या अंतरावर पोरे संध्याकाळी कबड्डी खेळत होती. एका वाहिनीच्या तरुण वार्ताहराला मी सहज सुचवले की, मधल्या मोकळ्या वेळात हेही टिपा. तो हसला आणि म्हणाला, 'सर, यात बातमी काय?' त्याचा दोष नाही. वाद आणि देव या दोनच गोष्टी ग्रामीण महाराष्ट्रात घडतात, असे त्याला शिकवले गेले आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणीही तेच. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगरला झाली. पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरला. पण राज्यभर दिवसभर फिरले ते उपांत्य लढतीनंतर पंचाला मारलेल्या लाथेचे दृश्य. पाठ टेकली होती की नव्हती, या मूळ प्रश्नापेक्षा लाथच अधिक वेळा दिसली. वर्षानुवर्षे वजनगटांत घाम गाळणाऱ्या मल्लांच्या ज्या लढती झाल्या त्यांतील एखादी तरी संपूर्ण पाहिली, असे सांगणारा मला आमच्या परिसरात अजून भेटायचा आहे. आणि कुस्तीला तर कोथळीच्या शंकर पुजारींसारखे निवेदक लाभले, ज्यांच्या आवाजावर माणसे फड सोडून हलत नसत. क्रिकेटचे समालोचन मराठीत होऊ शकते हे बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर सिद्ध केले होते. समालोचनाची ही समृद्ध परंपरा असलेल्या भाषेत आज महाविद्यालयीन सामन्याचे निवेदन म्हणजे 'आता आपल्यासमोर माननीय अमुक यांचे आगमन होत आहे' एवढेच उरावे, याची लाज वाटते.

यावर नेहमी तीन उत्तरे दिली जातात. पहिले: प्रेक्षक नाहीत. कोल्हापूरला जाऊन यावे. तिथल्या तालमी-मंडळांच्या फुटबॉल सामन्यांना शाहू स्टेडियम भरते, स्थानिक वाहिन्यांवर आणि यूट्यूबवर सामने दिसतात आणि पेठापेठांत त्यांची चर्चा चालते. कोल्हापूरच्या माणसाच्या रक्तात फुटबॉल आहे आणि आमच्या रक्तात नाही, असे मानायचे असेल तर बोलणे खुंटले. पिढ्यान्‌पिढ्या पाहायला मिळाल्याने आवड तयार होते. जी वस्तू दुकानात कधी ठेवलीच नाही तिला मागणी नाही असे सांगणारा दुकानदार अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षालाही नापास होईल.

दुसरे उत्तर खर्चाचे. आमच्या तालुक्यात बऱ्यापैकी ऐपतीच्या घरातले लग्न असले की क्रेनवरचा कॅमेरा, ड्रोन आणि मंडपात भलामोठा पडदा असतो. नवरदेवाच्या बुटांचे चित्रण चार बाजूंनी होते. खो-खोला एवढ्या सामग्रीची गरजच नाही. मैदानाच्या लांब बाजूला उंच मचाण बांधून एक कॅमेरा स्थिर ठेवला, दुसरा एका खांबाशी ठेवला, आणि ज्याला खेळ कळतो अशा माजी खेळाडूच्या हाती ध्वनिक्षेपक दिला, की सामना दिसतो. फक्त जवळून चेहरे दाखवण्याचा मोह टाळावा. बसलेले आठही आक्रमक एका चौकटीत असले तरच खो कुठून मिळणार याची उत्कंठा राहते. हे शहाणपण पैशाने विकत मिळत नाही, आणि त्याला पैसा लागतही नाही. मग अडते कुठे? कॅमेरा सोफ्यामागे ठेवायचा की मचाणावर, याचा निर्णय कोण घेतो तिथे अडते.

तिसरे उत्तर सर्वांत मोहक: आता हातोहाती मोबाइल आहेत, ज्याला हवे त्याने दाखवावे. तरुण मुले ते करतातही. चित्र थरथरते, गुणफलक दिसत नाही, दहाव्या मिनिटाला संच तापून बंद पडतो. बाजाराने जे केले नाही आणि शासनाने जे टाळले ते एकोणीस वर्षांच्या पोराने स्वतःच्या डेटा पॅकवर करावे आणि त्यालाच आपण लोकशाहीकरण म्हणावे, हे मला मान्य नाही. एके काळी कळकाच्या काठीवर अँटेना बांधून आमच्या घरांत दूरदर्शन विनामूल्य दिसे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. त्या पिढीने मराठी पडदा प्रथम पाहिला तो सार्वजनिक पैशातून. जमिनीवरील जुनी प्रक्षेपण-केंद्रे २०२२ पर्यंत बहुतेक सर्व बंद झाली. आता डीडी फ्री डिश आहे, नोव्हेंबर २०२४ पासून प्रसारभारतीचे 'वेव्हज' नावाचे व्यासपीठही आहे. म्हणजे दाखवायला जागा भरपूर झाली. अडचण जागेची होती असे जे पूर्वी सांगितले जाई ते कारणही आता उरलेले नाही.

कोणी अमेरिकेकडे बोट दाखवील. तिथे महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे कोट्यवधी डॉलरचा व्यवहार. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या मध्यवर्ती संघटनेची प्रक्षेपणावरील पकड मोडली, आणि विद्यापीठांना आपापले हक्क विकण्याची मोकळीक मिळाली. परिणाम? बलाढ्य गट अधिक बलाढ्य झाले, खेळाडूला त्या उत्पन्नात थेट वाटा मिळायला २०२५ साल उजाडावे लागले, आणि प्रेक्षकाचे हाल संपले नाहीतच. २०२३ च्या हंगामाच्या तोंडावर एक केबल कंपनी आणि एक वाहिनीसमूह यांच्यात दरावरून भांडण झाले आणि सुमारे दीड कोटी घरांत आपापल्या विद्यापीठाचे सामने काही दिवस दिसेनासे झाले. पैशाचा तुटवडा असलेल्या आमच्या गावात जे झाले तेच पैशाचा पूर आलेल्या तिथेही झाले. ती वाट मला नको आहे.

या प्रकरणात भाकरीचा प्रश्नही आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. शेतमजुराच्या मुलीसाठी खो-खोचे प्रमाणपत्र म्हणजे पोलीस शिपाई किंवा तलाठी होण्याचा एक खरा मार्ग. आणि याच प्रमाणपत्रांच्या बाबतीत बनावटगिरीची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आहेत. जो सामना कोणी पाहिलाच नाही त्याचे प्रमाणपत्र कोणालाही देता येते. ज्या सामन्याचे सार्वजनिक चित्रण जपून ठेवले आहे, त्यात न खेळलेल्याचे नाव घुसडणे अवघड. पावणेचार मिनिटे पळणाऱ्या मुलीपाशी आज पुरावा काय? एक कागद. तसाच कागद, तशाच शिक्क्यासह, वशिल्याच्या पोरापाशीही असू शकतो.

दोष एकट्या दिल्लीचा किंवा मुंबईचा नाही. विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी क्रीडाशुल्क भरतो. त्यातून चेंडू येतात, गणवेश येतात, प्रवासभत्ता कसाबसा निघतो, पण चित्रणासाठी तरतूद करावी असे कोणाला सुचत नाही. विद्यापीठांना २००२ च्या धोरणापासून स्वतःचे नभोवाणी केंद्र चालवण्याची मुभा आहे. किती केंद्रांवरून आंतरमहाविद्यालयीन सामन्याचे धावते वर्णन होते? आणि खरे सांगायचे तर त्या सोफ्यावर बसणारे लोक आपल्याला अपरिचित नाहीत. कितीतरी तालुक्यांत कारखाना, शिक्षणसंस्था, पतसंस्था आणि केबल यांची सूत्रे एकाच वाड्यातून हलतात. अशा ठिकाणी कॅमेरा मैदानाकडे वळणे हा तांत्रिक बदल राहत नाही. आपल्याही पक्षाचे लोक त्या सोफ्यावर बसलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणी उठून 'माझे भाषण नंतर, आधी सामना दाखवा' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काही कामे ठेवतो. प्रसारभारतीकडे लेखी मागणी गेली पाहिजे की, कलम १२ मधील 'पुरेसे' याचा अर्थ तिने सह्याद्री वाहिनीपुरता तासांत सांगावा, आणि त्यांतील निश्चित हिस्सा विद्यापीठीय व जिल्हास्तरीय खेळांचा असावा. विद्यापीठाच्या अधिसभेत आपले जे सदस्य असतील त्यांनी अर्थसंकल्पाच्या वेळी चित्रणाच्या तरतुदीचा प्रश्न उपस्थित करावा. आंतरविभागीय स्पर्धांच्या उपांत्य व अंतिम सामन्यांपासून सुरुवात झाली तरी पुष्कळ झाले. चित्रणाचे हक्क विद्यापीठाकडेच राहिले पाहिजेत आणि ते कोणालाही विनामूल्य पाहता आले पाहिजेत. एकदा ते कंपनीला विकले की परत मिळत नाहीत. आणि केबलचालकांशी बोलणे हे तालुका शाखेचे काम आहे. त्यासाठी मोर्चा नको, दुकानासमोर जमलेली ती चाळीस माणसे पुरेत.

आमच्यापुरते सांगायचे तर, त्या शनिवारनंतर दोन शिक्षक, लग्नाचे चित्रण करणारा एक तरुण आणि मी असे चौघे एकत्र बसलो. त्या तरुणाने लग्नसराईबाहेरच्या तारखांना दोन कॅमेरे देण्याचे कबूल केले आहे. मचाणासाठी बांबू दुकानदाराने देऊ केले आहेत. निवेदनाला एक जुनी विद्यापीठ खेळाडू तयार झाली आहे, सध्या ती अंगणवाडीत काम करते. सामन्याच्या आयोजकांना परवानगीसाठी पत्र देऊन तीन आठवडे झाले. उत्तर अद्याप आलेले नाही. मान्यवरांची बैठक कोठे करायची हे ठरल्यावर कॅमेऱ्याच्या जागेचा विचार करू, असे तोंडी कळवण्यात आले आहे.